नाव कोणत्या पायरीवर लिहिले गेले? एका गाईडच्या जुन्या नोंदीचा शोध

2024 च्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, तोच शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. सहावीतल्या एका मुलीच्या आई शाळेत गाईड कंपनी, म्हणजे स्काऊटसारखे मुलींचे पथक, सुरू करायला तयार आहेत, त्या स्वतः लहानपणी गाईड होत्या आणि राज्य पातळीच्या चाचणीनंतर मिळणाऱ्या राज्य पुरस्कारापर्यंत पोहोचल्या होत्या. मात्र माहितीपत्रक भरताना पूर्वीच्या सदस्यत्वाच्या रकान्यापाशी येऊन अडल्या आहेत, तेव्हा तुम्ही त्यांना एकदा भेटा, एवढाच तो निरोप होता. मी गेली बावीस वर्षे स्काऊट मास्टर म्हणून काम करतो. मोठेपणी या चळवळीकडे परत येणारी माणसे मला नवी नाहीत. त्यांतले बहुतेक जण तो रकाना ‘प्रमाणपत्र गहाळ’ असे लिहून पुढे जातात आणि त्यांचे काही अडतही नाही. या बाईंना तसे लिहायचे नव्हते. त्यानंतरचे चार महिने आम्ही दोघांनी जो शोध घेतला, त्याची ही हकिगत आहे. त्यांचे नाव, गाव आणि शाळा मी सांगणार नाही. पुढे त्यांचा उल्लेख ‘अर्जदार’ असा केला आहे.

अर्जदारांचा जन्म 1981 चा आणि माहेर कृष्णाकाठचे. 1991 ते 1997 या काळात त्यांचे पाचवी ते दहावीचे शिक्षण गावातल्याच मुलींच्या शाळेत झाले. पुढे लग्न झाले, मधले नाव आणि आडनाव बदलले, त्या दुसऱ्या शहरात स्थायिक झाल्या. ऑगस्ट 2019 च्या महापुरात माहेरच्या घरात छातीइतके पाणी चढले आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेली सगळी प्रमाणपत्रे गेली. वाचला तो राज्य पुरस्काराचा कापडी बॅज. कारण गणवेशावरून उसवून त्यांनी तो शिवणाच्या डब्यात टाकला होता, आणि तो डबा त्यांच्याबरोबर सासरी आला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. कडेचा रंग विटला होता, मागच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके अजून तसेच होते. मी तो हातात घेतला, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही हे त्यांना सांगावे लागले, कारण बॅजवर नाव नसते आणि क्रमांकही नसतो.

दुसरी गोष्टही मी त्यांना त्याच वेळी सांगितली, कारण ती न सांगता कोणाला कागदांच्या मागे धावायला लावणे मला बरोबर वाटत नाही. गाईड कॅप्टन, म्हणजे कंपनी चालवणारी प्रमुख, म्हणून काम सुरू करण्यासाठी बालपणीचे सदस्यत्व सिद्ध करावे लागत नाही. कामाची तयारी, चांगले चारित्र्य, शाळेची शिफारस आणि त्यानंतर सात दिवसांचा निवासी बेसिक कोर्स, हा तो मार्ग आहे. जी व्यक्ती आयुष्यात कधी स्काऊट किंवा गाईड नव्हती, तिलाही तो खुला असतो. रकाना कोरा राहिला असता तरी त्यांची कंपनी उभी राहिली असती. यावर त्या म्हणाल्या, “सर, काम मी उद्यापासून करीन. पण मुलींना पहिल्या दिवशी मी वचन म्हणायला लावणार, आणि त्यातला पहिला नियमच विश्वासपात्र असण्याचा. मी राज्य पुरस्कार मिळवलाय असं त्यांना सांगायचं असेल, तर ते मला दाखवताही आलं पाहिजे.” या उत्तरानंतर मी त्यांना परावृत्त करण्याचा विचार सोडून दिला.

कागद वर कसा चढतो

अर्जदारांचा पहिला विचार दिल्लीला राष्ट्रीय मुख्यालयाकडे अर्ज करण्याचा होता. मजकूरही लिहून तयार होता. परत येणाऱ्या बहुतेकांना असेच वाटते की, संस्था एक आहे, तेव्हा सगळ्या सदस्यांची एखादी मोठी यादी तिच्या मुख्य कार्यालयात असणारच. मी त्यांना थांबवले, आणि या प्रकरणात माझा काही उपयोग झाला असेल तर तो इथेच झाला, असे मला वाटते.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही आजची संस्था 7 नोव्हेंबर 1950 रोजी, त्याआधीच्या दोन स्काऊट संघटना एकत्र येऊन स्थापन झाली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी ऑल इंडिया गर्ल गाईड्स असोसिएशन तिच्यात सामील झाली. ज्यांना आजीच्या किंवा पणजीच्या गाईडपणाचा माग काढायचा आहे, त्यांनी या दोन तारखा आधी पाहाव्यात. कारण भारतात गाईडचे काम 1911 मध्ये जबलपूरला सुरू झाले आणि पुढची चाळीस वर्षे ते वेगळ्या संघटनेकडे होते. आमच्या प्रकरणात हा पेच नव्हता. 1990 च्या दशकातली गाईड म्हणजे भारत स्काऊट्स आणि गाईड्सचीच गाईड, आणि तिच्या वरची साखळीही ठरलेली: शाळेतली कंपनी, स्थानिक संघटना, जिल्हा, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय मुख्यालय.

प्रश्न असा की, या साखळीतून वर काय जात होते? हल्ली सदस्यांची नोंदणी ऑनलाइन होते आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा क्रमांक मिळतो. तेव्हा तसे नव्हते. त्या शाळेच्या जुन्या नोंदणी अर्जांच्या ज्या तीन प्रती पुढे आमच्या हाती लागल्या, त्यांवर कंपनीचे नाव, कॅप्टनचे नाव, गाईडची एकूण संख्या आणि भरलेले शुल्क एवढेच होते. ‘गाईड 32, शिक्षिका 1’. त्या बत्तीस मुली कोण, हे जिल्ह्याला कळत नव्हते आणि कळण्याचे कारणही नव्हते. वर जात होती ती संख्या आणि तिच्याबरोबर पैसे. नावे शाळेतच राहत होती.

मुलीचे नाव वर जायचे ते फक्त चाचणीच्या निमित्ताने. प्रवेश आणि प्रथम सोपान हे टप्पे कंपनीतच पूर्ण होत, त्यामुळे त्यांची नोंद कॅप्टनच्या वहीपलीकडे जाण्याचा प्रश्न नव्हता. द्वितीय सोपानाची चाचणी स्थानिक संघटनेची, तृतीय सोपानाची जिल्ह्याची, राज्य पुरस्काराची राज्याची आणि राष्ट्रपती पुरस्काराची राष्ट्रीय मुख्यालयाची. मूल जितक्या पायऱ्या चढले, तितक्याच पायऱ्या त्याचे नाव वर चढले. अर्जदार राष्ट्रपती पुरस्काराला बसल्या नव्हत्या. तेव्हा दिल्लीच्या दप्तरात त्यांचे नाव असण्याचे कारण नव्हते. असलेच तर ते राज्य पातळीच्या नोंदीत होते, आणि त्या नोंदीपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे वर्ष, कंपनी आणि त्या वेळचे नाव हे सगळे शाळेत होते. एकदा हे लक्षात आल्यावर शोधाचा क्रम आपोआप ठरला. सुरुवात तळापासून करायची होती.

शाळेचे दप्तर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्या गावी गेलो. शाळेत सर्वांत खात्रीचा कागद म्हणजे जनरल रजिस्टर. ते कायमस्वरूपी जतन करायचे असते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच दिला जातो. त्यात स्काऊट-गाईडचा उल्लेख नसतो, म्हणून लोक ते बघत नाहीत. आम्ही मात्र पहिल्यांदा तेच पाहिले, कारण त्या वेळी अर्जदारांचे नाव कागदोपत्री नेमके कसे लिहिले जात होते हे निश्चित झाल्याशिवाय पुढे कुठेच काही सापडले नसते. आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख हे सगळे आम्ही जसेच्या तसे उतरवून घेतले. अर्जदारांचे नाव ‘ज्ञ’ने सुरू होते आणि माहेरच्या आडनावात ‘ळ’ आहे. ही दोन अक्षरे आम्हाला पुढे किती महत्त्वाची ठरणार आहेत, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

स्काऊट-गाईडचे कपाट तळमजल्यावर होते आणि 2019 च्या पुरात ते दोन दिवस पाण्याखाली होते. शाळेने ते रिकामे केले नव्हते, याबद्दल मी तिथल्या शिपाईमामांचे आभार मानले. वह्या वाळून विटांसारख्या घट्ट झाल्या होत्या. वरच्या कप्प्यातली एक लांबट वही थोडी वेगळी होती. तिचे पुठ्ठे चिकटले होते, पण मधली पाने सुटी होती. ती एका संघाची लॉग बुक होती. गाईड कंपनीत सहा-आठ मुलींचा एक संघ असतो आणि संघांना फुलांची नावे देतात. या वहीच्या पहिल्या पानावर मोगऱ्याच्या कळ्या रंगवलेल्या होत्या. शाईपेनाने लिहिलेला मजकूर पाण्याने पसरून निळा डाग झाला होता. पेन्सिलीने लिहिलेले मात्र सगळे शाबूत होते. पान खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात धरले तेव्हा संघातल्या मुलींची नावे दिसू लागली. तिथे पूर्ण नाव कोणाचेच नव्हते. ‘ज्ञानी’ असे एक नाव होते. अर्जदार ते वाचून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मैत्रिणी त्यांना याच नावाने हाक मारत असत. त्याखाली ‘खरी कमाई, भेळ, 46 रु.’ असे लिहिले होते, म्हणजे मुलींनी स्वतः भेळ विकून मिळवलेले पैसे. पण वहीवर वर्ष नव्हते, नाव टोपणनाव होते, आणि असा कागद कोणत्याही कार्यालयापुढे ठेवता येत नाही. आम्ही पानांचे फोटो घेतले आणि वही पुन्हा तिच्या जागी ठेवली. ती शाळेची आहे.

ज्या कागदाने प्रकरण पुढे सरकले, तो स्काऊटच्या कपाटात नव्हताच. शाळेचे लिपिक जुने आणि जाणकार होते. त्यांनी विचारले, “शिबिराला गेल्या होत्या ना? मग पैसे दिले असतील. पैसे दिले असतील तर कीर्दीत आलंच पाहिजे.” शाळेच्या कीर्दी आणि व्हाउचरच्या फायली लेखापरीक्षणासाठी लागत असल्याने पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयात होत्या आणि पुरातून वाचल्या होत्या. गाईडच्या वह्या सांभाळायची सक्ती कोणावर नव्हती. पैशाच्या वह्यांवर मात्र दरवर्षी कोणीतरी बोट ठेवणार असते, म्हणून त्या टिकतात. जुन्या सदस्यत्वाचा शोध घेणाऱ्याने उपक्रमाच्या नोंदींइतकेच हिशेबाकडेही बघावे, हे मी या लिपिकांकडून शिकलो. इतक्या वर्षांत मला ते सुचले नव्हते.

अर्जदारांची आठवण अशी होती की, राज्य पुरस्कार दहावीच्या वर्षी, म्हणजे 1996-97 मध्ये मिळाला. त्या वर्षाची कीर्द आम्ही पानोपान पाहिली. वार्षिक नोंदणी शुल्क होते, ध्वजदिनाचे स्टिकर होते, एका दिवसाच्या सहलीचा खर्च होता, शिबिर नव्हते. मी जवळजवळ निराश झालो होतो. अर्जदारांनीच आधीच्या वर्षाची वही मागितली, आणि 11 जानेवारी 1996 या तारखेला ती ओळ सापडली: राज्य पुरस्कार चाचणी शिबिर, गाईड 6, शिक्षिका 1, प्रवास व शुल्क. व्हाउचरला टाचलेली रेल्वे सवलतीच्या अर्जाची कार्बन प्रत अजून तशीच होती. सवलतीसाठी प्रत्येकीचे नाव आणि वय लिहावे लागत असे, म्हणून त्यावर सहाही मुलींची पूर्ण नावे होती. तिसरे नाव अर्जदारांचे, वय 14. टाचणीचा गंज कागदाला लागला होता, तरी अक्षर स्वच्छ वाचता येत होते.

कोणते वर्ष

वर्षाचा हा घोळ नेहमीचा आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. माणसाला समारंभ आठवतो, चाचणी आठवत नाही. चाचणी शिबिर नववीच्या वर्षी जानेवारीत झाले, निकाल नंतर आला, आणि प्रमाणपत्र वाटले गेले तेव्हा अर्जदार दहावीत होत्या. स्टेजवर टाळ्यांच्या गजरात हातात पडलेला कागद म्हणून त्यांच्या मनात 1996-97 पक्के बसले होते. कार्यालयातली नोंद मात्र चाचणीच्या वर्षाखाली, म्हणजे 1995-96 खाली असणार होती. शिवाय शाळेचे वर्ष जूनला सुरू होते, तर कागदावर इंग्रजी तारीख पडते. ‘1996 साली’ एवढेच सांगितले तर त्यात दोन शैक्षणिक वर्षे बसतात.

अर्जदारांना आणखी एक गोष्ट ठाम आठवत होती: प्रमाणपत्रावर राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांची सही होती. राज्य पुरस्काराचे प्रमाणपत्र राज्यपालांच्या सहीचे असते, तेव्हा आठवण विश्वासार्ह होती. पण डॉ. अलेक्झांडर 1993 पासून 2002 पर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. साडेनऊ वर्षांच्या कारकिर्दीतली एक सही वर्ष ठरवायला उपयोगी पडत नाही. तीस वर्षांनी आठवलेला तपशील खरा असूनही कुचकामी ठरू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि म्हणून मी प्रत्येक आठवणीला एकच प्रश्न लावतो: ही आठवण खरी धरली, तर किती वर्षे बाद होतात?

वर्गमैत्रिणींकडूनही फारसे हाती आले नाही. त्या काळात त्या शाळेत गाईडबरोबर रस्ता सुरक्षा दल, म्हणजे आरएसपी, आणि एमसीसी, म्हणजे महाराष्ट्र छात्र सेना, हेही होते, त्यामुळे तिघी मैत्रिणींनी मोठ्या आत्मीयतेने सांगितलेल्या संचलनाच्या आणि शिबिरांच्या आठवणींपैकी निम्म्या गाईडच्या नव्हत्याच. (एखाद्याचा शोध एनसीसीचा असेल, तर वाट आणखी निराळी असते; ते दल 1948 च्या कायद्याने उभे राहिलेले आणि संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतले, त्यामुळे तिथे शाळेबरोबरच ज्या बटालियनशी शाळा जोडलेली होती तिच्याकडे जावे लागते.)

मग उरल्या कॅप्टनबाई. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा दार उघडताच अर्जदारांनी स्काऊट-गाईडच्या हस्तांदोलनाच्या रीतीने डावा हात पुढे केला आणि बाईंनी क्षणाचाही विचार न करता आपला डावा हात दिला. ओळख त्यानंतर पटली. बाईंना अर्जदारांचे पाळण्यातले नाव, त्यांच्या वडिलांचे दुकान आणि शिबिरात त्यांना आलेला ताप हे सगळे आठवत होते. वर्ष मात्र त्यांनाही सांगता येईना. मी त्यांना तेव्हाच लेखी काही मागितले नाही. कार्बन प्रत दाखवली, त्यांनी ती चष्मा पुसून वाचली, “अक्षर माझंच आहे,” म्हणाल्या आणि सहा मुलींची नावे न बघता ओळीने सांगितली. त्यानंतर त्यांनी स्वतःहून अर्ध्या पानाचे पत्र लिहून दिले: ही यादी माझ्या हातची असून यातील सहाही गाईड माझ्या कंपनीतील होत्या, त्या माझ्याबरोबर शिबिराला आल्या होत्या. वर्ष त्यांनी कागद पाहून लिहिले आणि तसे पत्रात नमूदही केले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. साक्षीदाराने जे स्वतः आठवले आणि जे कागद पाहून आठवले, ते वेगवेगळे सांगितले तर त्याच्या पत्राचे वजन वाढते.

ज्ञ आणि ळ

जिल्हा पातळीवर काही मिळाले नाही. कार्यालयाची जागा मध्यंतरी बदलली होती आणि त्या दशकातल्या वह्या नव्या जागेत आल्या नव्हत्या. तिथल्या संघटकांनी स्वतः कपाटे उघडून दाखवली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

राज्य कार्यालयासाठी अर्ज तयार करताना एकच पान लिहायचे असे आम्ही ठरवले. कंपनीची आणि शाळेची नावे, चाचणीचे वर्ष 1995-96, शिबिराची तारीख, कॅप्टनचे नाव, अर्जदारांचे तेव्हाचे पूर्ण नाव आणि आताचे पूर्ण नाव, आणि मागणी: राज्य पुरस्काराच्या नोंदीची पडताळणी करून तसे पत्र मिळावे. प्रमाणपत्राची दुसरी प्रत आम्ही मागितली नाही. राज्यपालांची सही असलेला कागद तीस वर्षांनी पुन्हा तसाच निर्माण करता येत नाही. त्या नोंदीचे अस्तित्व कार्यालयाने लेखी कळवणे हेच शक्य आणि पुरेसे होते. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, कीर्दीतील त्या ओळीची मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलेली प्रत, कार्बन प्रत आणि बाईंचे पत्र जोडले. कार्बन प्रतीवरची इतर पाच नावे आम्ही झाकली. त्या पाचजणींनी आपली नावे फिरवायला कोणाला परवानगी दिलेली नव्हती, आणि तेव्हा त्या लहान मुली होत्या.

पहिल्या तपासणीत नाव सापडले नाही. नोंद इंग्रजीत होती आणि नाव शोधायचे ते आडनावाच्या क्रमाने लावलेल्या सूचीतून, असे फोनवर कळले. इथे ती दोन अक्षरे आडवी आली. आडनावातला ‘ळ’ इंग्रजीत लिहिताना साधा ‘ल’ होतो, हे आम्ही धरले होते. पण कधी कोणी तिथे दोन ‘एल’ लिहितो, कधी स्वर बदलतो, आणि नोंदीचे पान पुढे-मागे जाते. ‘ज्ञ’चे तर आणखी अवघड. मराठी माणूस तो ‘डीएन’ने लिहितो, हिंदीच्या सवयीचा ‘जी’ने, आणि संस्कृतच्या वळणाने लिहिणारा ‘जेएन’ने. अर्जदारांनी आम्ही पाठवलेल्या अर्जात आजच्या पासपोर्टवरचे स्पेलिंग दिले होते. ते लग्नानंतर ठरलेले होते. 1996 मध्ये यादी टाइप करणाऱ्याने ते पाहिलेले नव्हते.

तेव्हा स्पेलिंगच्या मागे न लागता क्रमांकाकडून जायचे ठरले. सहा मुली एकाच कंपनीतून, एकाच शिबिराला गेल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणा एकीचे प्रमाणपत्र जरी हाती आले, तरी त्या कंपनीची नोंद कुठे आहे ते कळणार होते. पाचजणींपैकी तिघींचा पत्ता लागला. दोघींकडे काही नव्हते. तिसरी आता अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिच्या आईने तिचे प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये लावून ठेवले होते आणि ती फ्रेम पुण्यातल्या फ्लॅटच्या भिंतीवर होती. त्या आजींनी नातवाकडून फोटो काढून घेतला आणि रात्री अकरा वाजता आम्हाला पाठवला. उजव्या कोपऱ्यात क्रमांक होता, खाली सही होती, आणि अर्जदारांच्या आठवणीतली ती सही बरोबर निघाली.

मैत्रिणीच्या संमतीने तो क्रमांक आम्ही कळवला. यावेळी उत्तर आठ दिवसांत आले. सहाही नावे एकामागोमाग एक होती. अर्जदारांचे नाव मैत्रिणीच्या नावाच्या दोन ओळी खाली होते. ‘ज्ञ’ ‘जी’ने लिहिलेला, आडनावात ‘ळ’च्या जागी दोन ‘एल’, आणि वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर. जन्मतारीख जनरल रजिस्टरशी जुळत होती, म्हणून शंका राहिली नाही. नाव, चाचणीचे वर्ष आणि प्रमाणपत्र क्रमांक यांची पडताळणी झाल्याचे एक पानी पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती पडले. सोबतच्या मूळ स्पेलिंगखाली त्यांनी पेन्सिलीने बारीक खूण केली, पण दुरुस्तीचा अर्ज करायला त्या तयार झाल्या नाहीत. तेव्हा जे लिहिले गेले ते तसेच राहू दे, असे म्हणाल्या.

राज्य पुरस्काराची नोंद मिळाली, तरी त्याआधीच्या वर्षांचे सदस्यत्व नावानिशी कुठेच सापडलेले नाही. 1993-94 आणि 1994-95 च्या नोंदणी अर्जांवर कंपनीची संख्या आहे, आणि त्या संख्येत अर्जदार असणारच, कारण सोपानांच्या पायऱ्या एका वर्षात चढता येत नाहीत. पण असणारच हे अनुमान झाले. मी त्यांना सुचवले की, पुरस्कार सिद्ध झाला म्हणजे आधीची वर्षे ओघाने सिद्ध होतात, तेव्हा रकान्यात सलग काळ लिहावा. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि माहितीपत्रकावर तीन ओळींत लिहिले: गाईड, 1995-96, राज्य पुरस्कार, क्रमांक सोबत, पत्र जोडले आहे. त्याखाली: 1993 ते 1995, तत्कालीन कॅप्टन यांच्या सांगण्यावरून व माझ्या आठवणीनुसार. आणि शेवटी: 1991 ते 1993, खात्री नाही.